गॉलिश भूतकाळ: सुरुवात कुठून करावी?

स्वागत! गॉलिश ही प्राचीन गॉलची, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सची, आयरिशच्या केल्टिक कुळातली भाषा. तिच्या शिलालेखांतली क्रियापदं शिकायची म्हणताय, तर धातूंच्या व्युत्पत्तीत लगेच उडी मारू नका. नवखे लोक नेमके तिथेच अडकतात. आधी एकच क्रियापद पक्कं करा: 'इएउरु', म्हणजे 'अर्पण केलं'.

फ्रान्समधल्या आलिझ-सँत-रेनचा रोमन लिपीतला लेख घ्या: 'मार्तिआलिस दान्नोताली इएउरु उकुएते सोसिन केलिक्नोन'. दान्नोतालोसच्या मुलानं, मार्तिआलिसनं, उकुएते देवाला ही वास्तू अर्पण केली. कर्ता, क्रियापद, देव, वस्तू अशी ओळ स्वतः सोडवा. मग वेझों-ला-रोमेनचा लेख उघडा. लिपी ग्रीक, पण तेच क्रियापद 'एइओरू' असं भेटतं. तो क्षण फार सुंदर असतो, चुकवू नका!

त्यानंतर एवढंच:
- 'देदे' (दिलं): दक्षिण गॉलच्या ग्रीक लिपीतल्या लेखांत वारंवार येतं. आद्याक्षराची द्विरुक्ती बघा. संस्कृतचा 'ददौ' आठवत असेल, तर हा साचा तुमच्या ओळखीचा आहे.
- 'कार्निटु' (उभारलं): इटलीतल्या तोदीच्या द्विभाषिक लेखातलं. शेजारी लॅटिन मजकूर असल्यानं अर्थाला भक्कम आधार मिळतो.
- 'लेगासित' (बहुधा 'ठेवलं'): यातला 'स' लक्षात ठेवा. जुन्या आयरिशमधल्या स-भूतकाळाकडे ('स' जोडून होणाऱ्या भूतकाळाकडे) नंतर वळाल, तेव्हा कामी येईल.

आणखी एक चूक सर्रास होते. लेपोंटिक (उत्तर इटलीच्या परिसरातली प्राचीन केल्टिक भाषा) लेखांच्या लिपीत 'त' आणि 'द' सहसा वेगळे दाखवत नाहीत, त्यामुळे अक्षर दिसतं तसाच उच्चार धरू नका. स्पेनमधल्या बोतोर्रीताचे, केल्टिबेरियन या दुसऱ्या केल्टिक भाषेतले कांस्यपट तूर्तास बाजूला ठेवा. तिथे अभ्यासकांचेच मोठे मतभेद आहेत.