१०० की ३००? आधी खांब बघा, मग प्लॅन

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेलूला दहा खाटांचं नवीन हॉस्पिटल, तुमची सोनोग्राफी, साहेबांचा डिजिटल एक्स-रे, त्याचं रिपोर्टिंग छत्रपती संभाजीनगरहून, आठ कॅमेरे, बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर. मग इंटरनेटचा वेग १०० एमबीपीएस घ्यायचा की ३००? परभणी-जिंतूर पट्ट्यात दवाखान्यांची नेटवर्कची कामं मीच बघतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

१०० भरपूर झालं. फक्त डाउनलोड सोडा आणि अपलोड किती ते विचारा, कारण दवाखान्यातून फाइली बाहेर जातात. छातीच्या एका एक्स-रेची डायकॉम फाइल (डॉक्टरी फोटोंची ठरलेली फाइल) साधारण १०-२० एमबीची, ती कुठल्याही लाइनवर जाते. उद्या सीटी आणलंत तर एक तपासणी सहज ५०० एमबी. अपलोड १० एमबीपीएस असेल तर तिला जवळजवळ सात मिनिटं लागतील, १०० असेल तर ४० सेकंद. तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखा वेग देणारा १०० चा प्लॅन घ्या. डाउनलोड ३०० आणि अपलोड २०, असला प्लॅन तुमच्या उपयोगाचा नाही. वायफायवर मोबाइलने मोजू नका. राउटरला लॅपटॉप वायरने जोडा आणि संध्याकाळी सात-नऊच्या गर्दीत मोजा.

बाकी सोनोग्राफीचा फॉर्म एफ, पेशंटचा आभा आरोग्य-ओळख नंबर, विम्याच्या ईमेल ही सगळी किरकोळ डेटाची कामं. त्यांना वेग लागत नाही, लाइन चालू लागते. आणि आपल्याकडे खरं दुखणं तिथंच आहे.

माझीच चूक सांगतो. एका हॉस्पिटलला मी मोठ्या ऐटीत दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घ्यायला लावल्या. एक बंद पडली की राउटर आपोआप दुसरीवर जातो, डॉक्टर खूश. जुलैत नालीच्या कामाला जेसीबी आला. सकाळी साडेदहाला फोन. जाऊन बघतो तर दोन्ही लाइनींच्या फायबरच्या डब्यांवर लाल दिवा लुकलुकतोय, ओपीडीत माणसं दाटलेली, काउंटरवरची मुलगी पाठकोऱ्या कागदावर पावत्या लिहितेय. बाहेर येऊन वर बघितलं. दोन्ही वायरी एकाच खांबावरून, एकाच तारेला बांधून आलेल्या, आणि खांबच आडवा. वर्षभर त्या खांबाखाली गाडी लावत होतो, मान वर केली नव्हती. लाइनमन दिवसभर "रस्त्यातच हाय साहेब" म्हणत होता, आला दुसऱ्या दिवशी दुपारी. तेवढा वेळ एका जुन्या मोबाइलचं हॉटस्पॉट खिडकीत ठेवून निभावलं.

म्हणून प्लॅन ठरवायच्या आधी गच्चीवर जा आणि वायर कुठून येणार ते डोळ्यांनी बघा. दुसरी लाइन वेगळ्या रस्त्याने येत असेल तरच घ्या, नाहीतर सिमकार्डवरचं फोरजी-फाइव्हजी राउटर ठेवा, तेही दुसऱ्या कंपनीचं. शेजारच्या मेडिकलवाल्याला आणि झेरॉक्सवाल्याला विचारा, मागच्या पावसाळ्यात कुणाचं नेट किती दिवस बंद होतं. ते खरं सांगतात, विकणारा पोरगा सांगत नाही. टोल-फ्री नंबरापेक्षा गावातल्या लाइनमनचा नंबर मोलाचा.

विजेचं बघा. फायबरच्या डब्याला आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. हॉस्पिटलचा इन्व्हर्टर असला तरी लावा, वीज जाऊन इन्व्हर्टर लागतो त्या क्षणी डबा रीस्टार्ट झाला की पाच मिनिटं गेलीच. नेट देणाऱ्या ऑपरेटरच्या खोलीला विजेचा बॅकअप आहे का, हेही विचारा. त्याच्याकडे अंधार असेल तर तुमचा यूपीएस काय करणार? लाइन जोडताना लाइनमनला फायबरमधला सिग्नल मोजायला लावा, तो डीबीएममध्ये येतो. उणे २० च्या आसपास असेल तर झकास, उणे २७ च्या खाली गेला तर जोड परत करून घ्या.

एक्स-रेच्या खोलीत वायफायवर विसंबू नका. जाड भिंती आणि शिशाचा पत्रा लावलेलं दार, सिग्नल आत जाणार कसा? बांधकाम चालू आहे तोवरच कॅट-सिक्स (नेटवर्कची) वायर पाइपातून ओढून घ्या. नातेवाइकांसाठी वेगळं गेस्ट वायफाय, वेग कमी करून. (खरं तर देऊच नका, डिस्चार्ज घ्यायला कुणी तयार होत नाही.) कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जागेवरच्या हार्डडिस्कवर होतं, त्याला नेट लागत नाही, घरून बघताना मात्र अपलोड खातं. घरून एक्स-रे बघायचे असतील तर राउटरचे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडे टाकू नका, व्हीपीएन म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणी लावून घ्या.

पैशाचं: जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा. बिझनेस प्लॅन विकताना "इनपुट मिळेल", म्हणजे भरलेला जीएसटी वळता होईल, म्हणतात, पण उपचारांवर जीएसटीच नाही, त्यामुळे त्या बिलाचं क्रेडिट हॉस्पिटलला मिळत नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) खरंच लागत असेल तरच बिझनेस प्लॅन. आणि "वर्षाचे भरा, दोन महिने फुकट" याला आत्ता भुलू नका. महिन्याने भरा, एक पावसाळा जाऊ द्या.

खांबाचा आणि समोरच्या रस्त्याचा फोटो इथेच टाका, दुसरी लाइन कुठून आणता येईल ते बघून सांगतो.