आत्याच्या पदरातले गुपित

प्रश्न : मी इंदूरला राहते, माहेर देपालपूर तहसिलीतल्या एका खेड्यात. सोयाबीन ओळीने तीन वर्षे बुडाल्यामुळे दादा कर्जात आहे. वडील गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता वारले. आता फौती नामांतरण करून, म्हणजे जमिनीच्या नोंदीत मृताच्या जागी वारसांची नावे चढवून, त्यांची जमीन विकायची आहे. अशातच दादाच्या चोवीस वर्षांच्या मुलीने आमच्या सालगड्याच्या शिकलेल्या, सव्वीस वर्षांच्या मुलाशी लग्न ठरवले. दादा म्हणतो, ‘आपल्या घराण्यात असे कधी घडले नाही.’ पण घडले आहे. आई हयात असतानाच वडिलांनी शेजारच्या गावातील परजातीच्या बाईशी देवळात विधिपूर्वक लग्न लावले होते. त्यांना एक मुलगी आहे. आईने हे जाताना फक्त मला सांगितले. आता ते दादाला ऐकवावे का?
— एक आत्या

उत्तर : भाचीच्या लग्नासाठी ऐकवू नये, कारण त्या लग्नाला या गुपिताची गरजच नाही. दोघेही सज्ञान आहेत आणि सज्ञानांच्या विवाहाला कुटुंबाची किंवा जातीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या ‘शक्ती वाहिनी’ निकालात स्पष्ट केले असून अशा जोडप्यांना पोलीस संरक्षण देण्याचे निर्देशही दिले आहेत. दोघे हिंदू असतील, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रीतसर विधी करून नोंदणी करता येते. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात मात्र तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते, आणि कचेरीतल्या फळ्यावरचा कागद गावात पोचायला वेळ लागत नाही. आपण साक्षीदार म्हणून उभ्या राहिलात, तर भाचीला त्याचाच आधार मोठा वाटेल.

जमिनीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या पत्रातला अवघड भाग हाच आहे. पहिली पत्नी हयात असताना झालेले ते लग्न हिंदू विवाह कायद्याने शून्य, म्हणजे झालेच नाही असे, ठरते आणि त्या बाईंना विधवा म्हणून वाटा मिळत नाही. परंतु याच कायद्याच्या कलम 16 नुसार त्यांची मुलगी औरस मानली जाते. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत तिचा हक्क आपल्या दोघां भावंडांइतकाच, म्हणजे एक तृतीयांश आहे. जमीन वडिलोपार्जित असल्यास वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या भागातही तिला हिस्सा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. नामांतरणाच्या अर्जात आपण दोघेच वारस असल्याचे लिहून आपण सही केलीत, तर ती जाणूनबुजून केलेली खोटी सही होईल. दादाचा अहंकार उतरवण्यासाठी ज्या मुलीचे अस्तित्व आपण सांगायला निघाला होतात, तिचाच हिस्सा त्या सहीने बुडेल.

म्हणून दादाला हे सांगावेच लागेल, पण जमिनीच्या बोलण्यात, वकिलासमोर, भाचीचा विषय मध्ये न आणता. त्याआधी एकदा त्या मुलीची भेट घ्या. आपले वडील कोण, हे तिला कितपत माहीत आहे आणि तिच्या सासरी काय ठाऊक आहे, हे कळल्याशिवाय तिचे नाव कोणत्याही कागदावर घालू नका. दादाला सोबत न्यायचे की नाही, तेही तिलाच विचारा.