गुडघ्यांवरचं संशोधन आणि सर्टिफिकेटची फी

पत्र : मुलगी सांगलीत बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीचे गुडघे झिजल्यापासून 'ग्रोथ फॅक्टरने कूर्चा परत वाढवता येते, त्यावरच संशोधन करणार' म्हणते. यात भवितव्य आहे का? पुण्यातल्या दोन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरू का? — एक पालक, तासगाव

उत्तर : नमस्कार. विषय चांगला आहे, पण फीची घाई करू नका.

ग्रोथ फॅक्टर ही पेशींना वाढीचे, दुरुस्तीचे निरोप देणारी प्रथिनं. 'वाढवलं की बरं' असा सरळ हिशोब मात्र इथे चालत नाही. टीजीएफ-बीटा नावाचं असंच एक प्रथिन निरोगी कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) टिकवतं. झिजलेल्या सांध्यात तेच जादा झालं की कडेला हाड वाढतं, आतलं अस्तर जाड होतं. आमवातात व्हीईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरमुळे सुजलेल्या अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि सूज पोसली जाते. एफजीएफ-18 या ग्रोथ फॅक्टरपासून बनवलेल्या स्प्रायफर्मिन औषधाने चाचणीत कूर्चेची जाडी किंचित वाढली, दुखणं मात्र प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या मात्रेपेक्षा) फारसं कमी झालं नाही. आजीला तर दुखणंच थांबायला हवंय! एनजीएफ हा वेदनेशी संबंधित ग्रोथ फॅक्टर अडवणाऱ्या टॅनेझुमॅब औषधाचं उलटं झालं. वेदना कमी झाल्या, पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले. 2021 मध्ये कंपनीने ते औषध सोडून दिलं. संशोधनाला वाव आहे तो या गुंत्यामुळेच.

रोजचं काम चिकाटीचं असतं. सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) टीजीएफ-बीटा बहुतेक सुप्त रूपात असतं. त्यामुळे एलायझा, म्हणजे प्रथिन मोजायची चाचणी, करण्याआधी ते जागं करायला नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून साधारण दहा मिनिटं ठेवायचं, मग सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करायचं. ही पायरी राहिली की आकडा खूप कमी येतो आणि निष्कर्षच चुकतो. पेशी वाढवायच्या माध्यमात वासराचं सीरम असेल तर त्यातलंही टीजीएफ-बीटा मोजलं जातं, म्हणून नुसतं माध्यमही सोबत तपासावं लागतं. कूर्चेच्या पेशी सपाट डिशमध्ये वाढवल्या की काही पॅसेजमध्येच (पेशी एका डिशमधून नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांमध्ये) कूर्चेचं टाइप 2 कोलॅजन हे प्रथिन सोडून टाइप 1 बनवू लागतात. मग प्रयोग कूर्चेवरचा राहतच नाही.

म्हणून कोर्सवाल्यांना एकच विचारा : मुलगी स्वतःच्या हाताने पॅसेज आणि एलायझा करणार, की नुसतं बघणार? बघायचंच असेल तर पैसे वाचवा आणि तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट सेल कल्चरवर (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यावर) मिळतो का ते पाहा.

पुढे एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा. शिवाजी विद्यापीठातही एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी आहे, कोल्हापूर काही लांब नाही. नंतर संशोधन फेलोशिपसाठीची नेट-जेआरएफ परीक्षा, 2023 पासून फेलोशिप दरमहा 37,000 रुपये आहे. पीएच.डी.साठी पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र नजरेत ठेवा. एम.एस्सी.वर थांबली तरी बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती औषधं) बनवणाऱ्या कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये हाच एलायझा कामी येतो.

जॅमच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र येतं. बायोलॉजीची मुलं नेमकी तिथेच मार खातात, तेव्हा या सुट्टीत ती पुस्तकं आधी बाहेर काढायला सांगा.