नर्सिंगच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगला हात थरथरतात, आपल्याला हे जमणारच नाही असं वाटतं, काय करू?

अगं हात थरथरतात म्हणजे तू नालायक आहेस असं अजिबात नाही, समोर जिवंत माणूस आहे याची जाणीव आहे तुला. भीती पूर्ण जायची वाट बघू नकोस, स्टेप्स इतक्या पाठ कर की घाबरलेली असतानाही हात बरोबर चालतील.

बीपीचंच घे. कफ कोपराच्या दोन बोटं वर, मनगटाची नाडी धरून हवा भर, नाडी लागायची बंद झाली की अजून ३० एमएम वर ने आणि मग स्टेथो लावून हळूहळू सोड, सेकंदाला २-३ एमएम. नाडीचा आवाज नाही आला? सगळी हवा काढ, मिनिटभर थांब, परत घे. तरी नाही आला तर सिस्टरला सांग पण अंदाजाने १२०/८० लिहू नकोस, हे मात्र मी कळकळीने सांगते.

पेशंटशी बोलत राहा, "मावशी, बीपी बघते हं, हात सैल सोडा" एवढं बोललं तरी दोघींचं टेन्शन उतरतं.

आणि विचारायला लाजू नकोस. इन्सुलिनची व्हायल (बाटली) ४० ची का १०० ची, म्हणजे एका एमएलमध्ये किती युनिट, सिरिंज त्याचीच आहे का (४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी) हे सीनियर स्टाफसुद्धा दुसऱ्याकडून चेक करून घेतात. इन्स्ट्रक्टर सगळ्यांसमोर ओरडल्या तर वॉर्डमध्ये ऐकून घे, नंतर एकटीने जाऊन विचार, मॅडम नेमकं कुठे चुकलं ते दाखवा, बहुतेक जणी नीट दाखवतात.