ठाण्यात राहून वॉटर बर्थ करायचं असेल तर हॉस्पिटल निवडताना काय पाहावं?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: पहिलीच वेळ, 32वा आठवडा, आतापर्यंतचे रिपोर्ट नॉर्मल, राहायला कासारवडवलीला. वाशीकडच्या एका हॉस्पिटलने वॉटर बर्थचं, म्हणजे कोमट पाण्याच्या टबात बाळंतपणाचं, पॅकेज सांगितलंय, आणि 'टब भाड्याने आणून घरीच केलं तर?' असंही बहिणीने सुचवलंय.

घरच्या टबाचं आधी सांगते, कारण तो विषय लगेच मिटतो. नको. बाळंतपणाच्या टबाला 400 लिटरच्या आसपास पाणी लागतं. टाकीतलं 27 अंशांचं पाणी 37 अंशांवर न्यायचं तर 2 किलोवॅटचा गीझर सव्वादोन तासांहून जास्त सलग चालवावा लागेल. किंवा 25 लिटरचा गीझर 60 अंशांवर तापवून पाच वेळा रिकामा करा. त्यात नेमका पाण्याच्या शटडाऊनचा दिवस निघाला तर बोलायलाच नको. पण हे सगळं जमवलं तरी खरी अडचण वेगळीच आहे. बाळ रडलं नाही किंवा आईला रक्तस्राव सुरू झाला, तर हातात मिनिटं असतात आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक मिनिटांचा हिशेब मानत नाही.

आता हॉस्पिटलचं. कळा पाण्यात काढणं आणि बाळ पाण्यात जन्माला घालणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पॅकेजवाले ते एकत्र विकतात. कोमट पाण्यात कळा सोसायला सोपं जातं आणि एपिड्युरल (पाठीतून दिलं जाणारं वेदना कमी करणारं औषध) घेणाऱ्यांचं प्रमाण थोडं घटतं, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2018च्या कोक्रेन आढाव्यात दिसलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली निरोगी बाईला 37 आठवड्यांपासून 41 आठवडे 6 दिवसांपर्यंत कळांसाठी टब चालेल, पण जन्म पाण्याबाहेर व्हावा, अशी भूमिका घेतली. ब्रिटनमध्ये टब सर्रास वापरतात. तिथल्या 2024च्या मोठ्या पाहणीत, धोका कमी असलेल्या बायकांमध्ये पाण्यातल्या जन्माने मोठे टाके किंवा बाळाचा त्रास वाढलेला आढळला नाही. फक्त तिथे टबाशेजारी सरावलेली मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) असते, आपल्याकडे ती क्वचित भेटते. म्हणून माझं मत: कळांसाठी टब जरूर घ्या, जन्म कुठे होईल ते त्या तासाला डॉक्टरांना ठरवू द्या.

जुळी, पायाळू बाळ, आधीचं सिझर, वाढलेलं बीपी, इन्सुलिनवरची शुगर, 37 आठवड्यांच्या आतली प्रसूती, ताप, रक्त जाणं किंवा बाळाने पोटातच शी केलेली असणं, यात टब बाद. कळा वाढवायला सलाइनमधून औषध चालू केलं तर बाळाच्या ठोक्यांवर सलग लक्ष ठेवावं लागतं, मग वायरलेस वॉटरप्रूफ मॉनिटर नसेल तर बाहेरच. एपिड्युरल घेतलं तरी बाहेर. गुंगीचं दुखणं-कमीचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान दोन तास टबाजवळ जायचं नाही.

उतरायची घाई करू नका. गर्भपिशवीचं तोंड साधारण 5 सेंटिमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की उतरायचं. फार लवकर उतरलं तर कळा मंदावू शकतात. तसं झालं तर बाहेर येऊन तासभर फिरायचं. बसल्यावर पोट पूर्ण बुडून पाणी छातीपर्यंत यायला हवं, नाहीतर तरंगण्याचा फायदाच मिळत नाही. पाणी 37.5 अंशांच्या वर नको. आईचा ताप आणि पाण्याचं तापमान दर तासाला मोजायचं, कोपर बुडवून नव्हे, थर्मामीटरने. आईचं तापमान सुरुवातीपेक्षा एका अंशाने वाढलं तर बाहेर, कारण पोटातलं बाळ आईपेक्षाही गरम असतं आणि त्याचे ठोके धावू लागतात. पाणी पीत राहा आणि लघवीला उठून बाहेर जा. बाळाचे ठोके वॉटरप्रूफ डॉपलरने (पोटावर धरून ठोके ऐकायचं छोटं यंत्र) दर 15 मिनिटांनी, कळ संपल्यावर पूर्ण एक मिनिट ऐकायचे. जोर लावायला लागल्यावर दर 5 मिनिटांनी.

जन्म पाण्यात व्हायचा असेल तर मधलं काही नसतं: पूर्ण पाण्यात किंवा पूर्ण बाहेर. डोकं दिसू लागल्यावर तुम्ही कळेच्या भरात कंबर पाण्याबाहेर उचललीत तर पुन्हा खाली बसायचं नाही. चेहऱ्याला हवा लागली की बाळ श्वास घेतं, आणि मग बुडालं तर पाणी आत जातं. गुदमरलेलं बाळ तर आधीच पाण्यात श्वास ओढू शकतं, म्हणून ठोके बिघडले की लगेच टबाबाहेर.

बाळ वर घेतानाची चूक नाळेची असते. नाळ आखूड असली आणि हौसेने झटकन छातीपर्यंत उचललं की ती तुटते. त्याच ब्रिटिश पाहणीत पाण्यात हे साधारण शंभरात एकीला झालं, बाहेर हजारात तिघींना. बाळाचं रक्त जातं, म्हणून नाळ दाबून धरायचे दोन क्लॅम्प टबाच्या काठावर हाताला लागतील असे हवेत, कपाटात नव्हेत. वार बाहेर येऊन पाडावी आणि ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शनही बाहेरच घ्यावं. टबात किती रक्त गेलं ते नीट कळत नाही, लाल पाणी अंदाज चुकवतं.

त्यामुळे हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा टबाच्या दिव्यांचे फोटो काढू नका, तिथल्या सिस्टरना विचारा: आईला चक्कर आली तर बाहेर कशी काढता? उचलायची जाळी दाखवा. शेवटचा सराव कधी केला? 'चौघं मिळून उचलतो' एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. पाइप आणि टब प्रत्येक वेळी कशाने धुता, पाण्याची जंतूंची तपासणी केव्हा झाली, रिपोर्ट बघू का? कोमट पाणी साठून राहिलेल्या पाइपात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो आणि नवजात बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून जकूझीसारखं तेच पाणी फिरवणारा टब नको. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि सिझरचं थिएटर त्याच इमारतीत आहे का? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात?

कासारवडवलीहून वाशी म्हणजे मानपाडा, माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. तारीख पावसाळ्यात येत असेल तर विटाव्याच्या भुयारी मार्गात पाणी तुंबतं, ऐरोलीमार्गे जायची वाट आधीच ठरवा आणि संध्याकाळच्या गर्दीत एकदा गाडी चालवून वेळ बघा. ठाण्यातच एनआयसीयू असलेलं हॉस्पिटल टब देत असेल तर मी तेच निवडेन, टब साधा असला तरी.

पैशाचं लेखी घ्या. टबात उतरलात पण जन्म बाहेर झाला, किंवा सिझर करावं लागलं, तर टबाचे पैसे वजा होतात की दोन्ही बिलं लागतात, हे पॅकेजच्या कागदावर बहुधा नसतं. बिलिंग काउंटरवर नव्हे, डॉक्टरांसमोर विचारा आणि सही-शिक्क्यासह घ्या.