मान्सूनच्या मॉडेलांवर लिहिताना ‘अभिसरण’ कोणते?

विचारणा अशी आहे. हवामानाच्या मॉडेलांवरील (म्हणजे संगणकावर चालणाऱ्या गणिती प्रतिकृतींवरील) एका लेखाचे मराठीकरण करताना पुढील वाक्य तयार झाले: ‘मॉडेलमधील अभिसरणाच्या त्रुटीमुळे मान्सूनचे अभिसरण दुबळे दिसते.’ ते बरोबर आहे का? कन्व्हेक्शनला, म्हणजे तापून हलकी झालेली हवा किंवा पाणी वर चढण्याला, ‘अभिसरण’ म्हणावे, हिंदीप्रमाणे ‘संवहन’ म्हणावे, की भूगोलातला ‘आरोह’ घ्यावा?

माझ्या मते कन्व्हेक्शनसाठी ‘अभिसरण’च ठेवा, पण त्याच लेखात तो शब्द दुसऱ्या कुठल्याही अर्थाने येऊ देऊ नका.

‘संवहन’ लगेच बाजूला ठेवता येईल. शाळेत आपण उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो. तापत्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला की जांभळ्या रेषा वर चढताना दिसतात, ते अभिसरण. हिंदीत हीच त्रयी चालन, संवहन, विकिरण अशी आहे. मराठीत मात्र वीज वाहून नेणारा तो संवाहक आणि सेमीकंडक्टर म्हणजे अर्धसंवाहक. त्यामुळे ‘संवहन’ वाचताच जाणत्या वाचकाचे मन कंडक्शनकडे, म्हणजे वहनाकडे, धावते.

‘आरोह’ मला आवडतो, कारण हवा वर चढते हे तो सरळ सांगतो. अडचण ही की तो वर चढण्याचे कारण सांगत नाही. जुलैत आंबोली किंवा महाबळेश्वरला सह्याद्रीला अडून हवा वर ढकलली जाते. तोही आरोहच, पण त्याला आपण प्रतिरोध पर्जन्य म्हणतो. कन्व्हेक्शनमध्ये हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार आणि हलकी असते, म्हणून प्लावक बलाने आपणहून उसळते. मे महिन्यातला दुपार कलल्यावरचा वळीव हे त्याचे अगदी निर्भेळ उदाहरण. भूगोलात ‘आरोह पर्जन्य’ खुशाल राहू द्या, पण मॉडेलच्या चर्चेत तेवढ्याने भागणार नाही.

खरा घोळ ‘अभिसरण’ या शब्दाच्या पसाऱ्यात आहे. रक्ताभिसरणात तो सर्क्युलेशनचा, म्हणजे चक्राकार फिरण्याचा, अर्थ देतो. ‘आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा’ म्हटले की तो कन्व्हर्जन्सचा, म्हणजे वारे एकवटण्याचा, होतो. पाण्याच्या भांड्यात तो कन्व्हेक्शनचा. एरवी हे चालून जाते, मान्सूनमध्ये नाही, कारण तिथे या तिन्ही क्रिया एकमेकींना जोडलेल्या आहेत. समुद्रावरून आलेले दमट वारे एकवटतात. ती हवा ढगांतून वर चढते. तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होताना दर किलोग्रॅममागे सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते. ती वरची हवा तापवते आणि त्यातून वाऱ्यांच्या चक्राला पुन्हा बळ मिळते. हवामानशास्त्रज्ञ कुओ यांनी 1965 साली मांडलेल्या पद्धतीत तर ढगांतून किती पाऊस पडेल याचा अंदाज बाष्प किती एकवटते यावरच बांधलेला होता. हे मराठीत लिहिताना दोन्हीकडे ‘अभिसरण’ वापरले, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वाचकाला कळणारच नाही.

मॉडेलांचे घोडे अडते ते मधल्या पायरीवर, म्हणजे हवा ढगांतून वर चढते तिथे. जागतिक हवामान मॉडेलात पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात आणि एकेक चौकोन बहुधा 100 किलोमीटरच्या आसपास असतो. ढग जेमतेम काही किलोमीटरचा. तो मॉडेलला दिसतच नाही. म्हणून चौकोनातल्या सरासरी तापमानावरून आणि बाष्पावरून ढग किती, ते किती उंच जातील, पाऊस किती देतील हे ठरवावे लागते. याला प्राचलीकरण म्हणतात (पॅरामीटर म्हणजे प्राचल, म्हणून). अराकावा आणि शूबर्ट या हवामानशास्त्रज्ञांची 1974 ची पद्धत आजही अनेक मॉडेलांत सुधारित रूपात वापरात आहे. तिच्यात भोवतालची कोरडी हवा ढगात किती ओढली जाते हे कळीचे ठरते. ती कमी धरली तर ढग फार सहज उंच जातात.

हा अंदाज चुकला की बऱ्याच मॉडेलांत तेच दोष दिसतात. बारीक पाऊस सतत पडत राहतो आणि मुसळधार सरी कमी होतात. जमिनीवर दुपार कलल्यावर यायचा पाऊस भर दुपारीच येतो. विषुववृत्तीय हिंदी महासागरावर पाऊस जास्त, तर मध्य भारतावर कमी. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2012 पासून मान्सून मिशनसाठी सीएफएसव्ही-2 हे अमेरिकी मॉडेल हाती घेतले, त्यातही भारतीय भूमीवरचा पाऊस कमीच येत होता. पाऊस चुकीच्या जागी म्हणजे उष्णताही चुकीच्या जागी, आणि मग वारेही बिघडतात. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिम या हवामान अंदाजाच्या भारतीय मॉडेलचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. ही मोठी झेप आहे, तरी लहान ढग त्यातूनही निसटतात.

म्हणजे तुमच्या वाक्यातला मुद्दा खरा आहे, तो शब्दांमुळे झाकला गेला. मी असे लिहीन: ‘मॉडेलने ढगांतील अभिसरण नीट न धरल्यामुळे मान्सूनच्या वाऱ्यांचे चक्र दुबळे पडते.’ सर्क्युलेशनला ‘वाऱ्यांचे चक्र’ पुरते. कन्व्हर्जन्सला ‘वारे एकवटणे’ आणि नामच हवे असेल तर ‘एकत्रीकरण’.

याच लेखात ‘डीप कन्व्हेक्शन’ येईल, तेव्हा ‘खोल अभिसरण’ कृपा करून लिहू नका. खोल विहीर असते, ढग उंच असतो. वळवाचा गडगडाटी ढग 12 ते 15 किलोमीटर उंची सहज गाठतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो कोसळणारे ढग पुष्कळदा त्याहून बरेच बुटके असतात, आणि मॉडेलात या दोन जातींचा हिशेब बहुधा वेगवेगळा केलेला असतो. म्हणून ‘उंच ढगांतील अभिसरण’ आणि ‘बुटक्या ढगांतील अभिसरण’ असे लिहावे. शब्द दोन-तीन जास्त लागतील, लागू द्यावेत.