केळीवरील किडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी ग्रँड नैन जातीच्या केळीची नऊ महिन्यांची बाग आहे. काही खोडांवर बारीक छिद्रे दिसतात आणि त्यांतून डिंकासारखा चिकट स्राव गळतो. परवाच्या वाऱ्यात घड लागलेली काही झाडे मधोमध मोडली, तेव्हा खोड आतून पोखरलेले व कुजलेले आढळले. कोणते औषध घ्यावे?
– एक शेतकरी, ता. रावेर, जि. जळगाव

उत्तर : आपण दिलेले वर्णन खोडावरील सोंड्या भुंग्याचे आहे. मादी खोडाच्या बाहेरील पोपड्यांना छिद्रे पाडून त्यांच्या पोकळीत अंडी घालते, अंड्यांतून निघालेल्या पांढुरक्या, बिनपायांच्या अळ्या आतील गाभा खात जातात आणि पुढे खोडाच्याच तंतूंचा कोष विणून त्यात राहतात. म्हणजे भुंगा सोडला तर या किडीचे सगळे आयुष्य खोडाच्या आत जाते, आणि म्हणूनच वरून कितीही फवारणी केली तरी आतील अळीपर्यंत ती पोहोचत नाही. लागवडीनंतर साधारण पाचव्या महिन्यापासून प्रादुर्भाव सुरू होतो. डिंक दिसतो तेव्हा अळी आत शिरलेली असते.

घड लागलेल्या झाडांच्या खोडात कीटकनाशक टोचण्याचा सल्ला आपणास कोणी दिला असेल, तर तो मानू नये. या अवस्थेत पोखरलेला गाभा भरून येत नाही आणि तोडणी जवळ आलेल्या फळात औषधाचा अंश उतरण्याची जोखीम मात्र राहते. घडांना बांबूचा किंवा पट्टीचा आधार द्यावा, मोडलेली झाडे त्याच दिवशी बागेबाहेर काढावीत आणि सर्व लक्ष भुंगे कमी करण्यावर द्यावे.

त्यासाठी सापळा म्हणून केळीचे खोडच उपयोगी पडते. नुकत्याच कापलेल्या निरोगी खोडाचे दीड-दोन फूट लांबीचे तुकडे उभे चिरून, चिरलेली बाजू जमिनीकडे करून झाडांच्या बुंध्याशी ठेवावेत. हेक्टरी सुमारे १०० तुकडे पुरतात. त्यांच्या वासाने भुंगे रात्री तेथे जमतात; सकाळी ते वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत आणि तुकडे वाळले की बदलावेत. चिरलेल्या भागावर बिव्हेरिया बॅसियाना या बुरशीची भुकटी लावल्यास निसटलेले भुंगेही बुरशीची लागण होऊन मरतात.

येथे एका जुन्या सवयीविषयी बोलणे भाग आहे. घड कापल्यावर खोड तसेच उभे ठेवले तर त्यातील अन्नरस बुंध्याशी फुटलेल्या पिलाला मिळतो, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु ज्या बागेत सोंड्या आहे, त्या बागेत असे उभे खोड भुंग्यांना अंडी घालायला आयतेच मिळते. सापळ्याचा तुकडा आणि टाकून दिलेले खोड या दोहोंत फरक एवढाच की पहिल्यावरचे भुंगे आपण वेचतो आणि दुसऱ्यावरचे वेचत नाही. आपल्या बागेत तरी पिलाचा तेवढा लाभ सोडावा, खोड जमिनीलगत कापावे आणि त्याचे बारीक तुकडे करून कुजवावेत. वाळलेली पाने दर महिन्याला काढल्यास भुंग्यांना लपायला जागा उरत नाही व छिद्रेही वेळीच नजरेस पडतात.

प्रश्न : अर्धापूर परिसरात आम्ही घरच्याच बागेतील मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी कंदासह काढलेली पिले, लावतो. पूर्वी लागवडीच्या खड्ड्यात थिमेट टाकत असू. आता दुकानदार ते देत नाही. कंद पोखरणाऱ्या किडीसाठी त्याऐवजी काय टाकावे?
– एक वाचक, जि. नांदेड

उत्तर : थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्याच्या विक्रीस व वापरास देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा कोणी देऊ केला तरी घेऊ नये.

कंदावरील सोंड्या भुंगा स्वतःहून फार लांब जात नाही. उडण्याचा त्याला कंटाळाच. तो एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो तो बहुतेक वेळा आपल्याच हाताने, मुनव्यांबरोबर. त्यामुळे खड्ड्यात काय टाकावे याआधी खड्ड्यात कोणता कंद जातो हे पाहावे. किडलेल्या बागेतील मुनवे घेऊच नयेत. निवडलेल्या कंदाची मुळे व वरची साल तासून काढावी; तासताना काळपट बोगदे दिसले तर तो कंद बाजूला टाकावा. तासलेले कंद ५२ ते ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे २० मिनिटे ठेवल्यास उरलेली अंडी व लहान अळ्या मरतात, सूत्रकृमीही कमी होतात. मात्र तापमापकाशिवाय हे करू नये, कारण पाणी जास्त तापले तर कंद शिजतो. लागवडीनंतर या भुंग्यासाठी कामगंध सापळे हेक्टरी ५ या प्रमाणात लावता येतात.

प्रश्न : घड भरदार आहेत, गरही उत्तम आहे, तरीही सालीवरच्या तांबूस डागांमुळे निर्यातीसाठी माल घेणाऱ्यांनी तो नाकारला. घडांवर दोनदा फवारणी केली होती.
– एक बागायतदार, ता. यावल, जि. जळगाव

उत्तर : हे फुलकिडींचे काम आहे. फळाच्या गराला त्यांच्यापासून काही होत नाही. खाणाऱ्याच्या दृष्टीने आपली केळी निर्दोषच होती. पण निर्यातीचा माल सालीवरून निवडला जातो, त्यामुळे तोटा खरा आहे.

आपली फवारणी उशिरा झाली. केळफूल, म्हणजे आपल्याकडचे कमळ, शेंड्याच्या पोग्यातून (गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून) बाहेर पडू लागताच फुलकिडी त्याच्या पाकळ्यांखाली शिरतात आणि कोवळ्या फळांची साल खरवडून रस शोषतात. त्या वेळी डाग दिसतही नाहीत. फळ वाढते तसतशी ती इजा खरखरीत, तांबूस होऊन वर येते, आणि आपण फवारणीला निघतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. उपाय करायचा तो कमळ उभे असताना, ते खाली वळून पाकळ्या उघडण्यापूर्वी. या अवस्थेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीडनाशक बुरशी ३ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात, चिकट द्रव्य मिसळून कमळावर फवारावी. काही बागायतदार कमळात कीटकनाशकाचे इंजेक्शन देतात. ते द्यायचेच असेल तर मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावी. उमललेल्या कमळावर रासायनिक फवारणी टाळावी. केळीला फळधारणेसाठी मधमाशी लागत नाही हे खरे, तथापि कमळातील मधासाठी मधमाश्या तेथे येतातच.

सर्व फण्या मोकळ्या झाल्या की कमळ काढून टाकावे आणि घडाला न विणलेल्या कापडाची पिशवी, जिला स्कर्टिंग बॅग म्हणतात, ती लगेच चढवावी. बागेत सर्व झाडे एकाच दिवशी निसवत नाहीत, म्हणजे कमळ बाहेर टाकत नाहीत, म्हणून निसवणीच्या काळात दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारणारा माणूस ठेवणे हाच यातला खरा खर्च आहे.

प्रश्न : कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या) लागवडीत हरण्या आला. मावा मारण्यासाठी तीन फवारण्या केल्या, तरी पाने पिवळी होतच आहेत.
– एक शेतकरी, ता. चोपडा, जि. जळगाव

उत्तर : हरण्या हा काकडीवरील मोझॅक विषाणूचा, म्हणजे सीएमव्हीचा रोग असून मावा तो पसरवतो. मावा रोगट झाडात सोंड खुपसून काही क्षणांत विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात सोडतो. औषधाने तो मरण्याआधी लागण होऊन गेलेली असते. माव्यामुळेच पसरणाऱ्या पर्णगुच्छ (बंची टॉप) या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाचे तसे नाही. त्यात माव्याला बराच वेळ रस शोषावा लागतो, म्हणून तेथे मावा नियंत्रणाचा अधिक उपयोग होतो. दोन्ही रोगांत लागण झालेले झाड मात्र बरे होत नाही.

रोगट रोपे कंदासह उपटून बागेपासून दूर जाळावीत किंवा पुरावीत. उपटण्याआधी त्यांच्यावर मावानाशक फवारावे, नाहीतर हलवलेल्या झाडावरचा मावा शेजारी जातो. पहिले तीन महिने दर चार-पाच दिवसांनी पाहणी करावी. हा विषाणू मातीत टिकत नाही, त्यामुळे मोकळ्या जागी निरोगी रोप लावता येते. बागेत व बांधावर काकडी, भोपळा, टोमॅटो, वांगी, मिरची, चवळी ही पिके घेऊ नयेत, आणि केना, धोतरा, शेंदाड, काळी रिंगणी ही तणे फुलोऱ्याआधीच काढावीत, कारण विषाणू आणि मावा दोघांचाही मुक्काम तेथे असतो. पुढील लागवडीसाठी ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे घेताना ती विषाणू तपासणी झालेल्या मातृवृक्षांपासून तयार झाली असल्याचे प्रमाणपत्र रोपवाटिकेकडून मागून घ्यावे. रोप प्रयोगशाळेतून आले म्हणजे ते विषाणूमुक्त असतेच असे नाही.